लाल नको, राखाडी

गोरेगावातल्या एका जुन्या सोसायटीत, इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगच्या जागेत, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी माझ्या मामांनी आपल्या गाडीचे पुढचे डावे चाक उतरवले आणि कशालाही हात न लावता ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. चाकामागे चकचकीत दिसणारी गोल थाळी म्हणजे डिस्क, आणि तिच्या कडेवर बसलेला, दोन पॅडच्या चिमटीत तिला पकडणारा लोखंडी जबडा म्हणजे कॅलिपर. गाडी आठ वर्षांची आहे. या आठ वर्षांत तो जबडा ससून डॉकवर पडलेल्या एखाद्या नांगरासारखा तपकिरी झाला होता आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले होते.

कॅलिपर घरीच रंगवायचा बेत माझा होता, आणि त्यासाठी लाल रंगही मीच सुचवला होता. मामांनी उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून काढली आहे, त्यामुळे त्यांचे उत्तर छोटे होते. ‘लाल नको रे, राखाडी आण. लाल रंगावर गंज आला तर तुला कळणार कसा?’

लाल कॅलिपर पाहिला की शर्यतीची गाडी आठवते, हे मी नाकारत नाही. डिस्क ब्रेकचा आणि शर्यतीचा संबंधही जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण या ब्रेकचा खरा दबदबा निर्माण झाला तो १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे कॅलिपरच्या रंगालाही अर्थ आला. पोर्शच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर दिसला, तर आतली डिस्क सिरॅमिकची आहे असे जाणकार ओळखतात. तिथे रंग काहीतरी सांगत असतो. आपल्या साध्या गाडीवरचा लाल रंग मात्र काहीच सांगत नाही, आणि त्याने गाडी एक इंचभरही आधी थांबत नाही.

मामांचा मुद्दा मला पटायला थोडा वेळ लागला. कारखान्यातली यंत्रे फिक्या राखाडी किंवा फिक्या हिरव्या रंगात का रंगवतात, असे त्यांनी मला विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. अशा रंगावर तेलाचा ओघळ दिसतो, तडा दिसतो आणि गंजाचा पहिला ठिपकाही दिसतो. कॅलिपरच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण बहुतेक गाड्यांत वापरले जाणारे ब्रेक ऑइल रंग खाते. कॅलिपरच्या आतून ते कुठे झिरपू लागले, तर तिथला रंग मऊ पडतो, फुगतो आणि सुटतो.

मुंबईत गंजाला काही कमी पडत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि पाऊस नसतानाही समुद्रावरून येणारी खारट, दमट हवा लोखंडाला सोडत नाही. मिठातले क्लोराइड लोखंडाचा गंज अधिक वेगाने वाढवते. पावसाळ्यात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हलवताना पहिल्या एकदोन ब्रेकला खरखर ऐकू येते, ती डिस्कवर रातोरात चढलेल्या गंजाची असते. पॅड तो पुसून टाकतात, म्हणून डिस्क चकाकते. कॅलिपरला पुसणारे कोणीच नसते.

साध्या ऑइल पेंटने हे काम का होत नाही, याचे उत्तर उष्णतेत आहे. १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबते, तेव्हा तिच्या गतीतली जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, तेवढ्या उष्णतेत जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे एका सिग्नलला तीन-चार कप चहाचे आधण. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर पडतो, कारण थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. शहरातल्या संथ गर्दीत ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते, परंतु बोर घाट उतरताना जो चालक खालच्या गिअरऐवजी ब्रेकवरच पाय ठेवून बसतो, त्याच्या डिस्कचे तापमान कित्येक पटींनी वाढते. कॅलिपरसाठीचा रंग म्हणूनच वेगळा असतो. त्याला २०० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता सोसावी लागते आणि ब्रेक ऑइलच्या शिंतोड्यांनाही काही काळ तोंड द्यावे लागते. आम्ही दोन भाग मिसळून ब्रशने लावायचा रंग घेतला. स्प्रेचा डबा अधिक सोयीचा असतो, पण आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये हातभर जागा आहे आणि शेजारची गाडी सेक्रेटरींची आहे.

चाक उतरवण्यापूर्वी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट किंचित सैल केले. जॅकने गाडी उचलल्यावर तिचा भार घोडीवर, म्हणजे गाडीखाली उभ्या करायच्या लोखंडी टेकूवर, दिला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नये, याबाबत मामा कोणाचेही ऐकत नाहीत, आणि हे काम चित्रित करणाऱ्या आमच्या कॅमेरामनलाही त्यांनी दोनदा मागे ओढले.

यानंतरचे काम म्हणजे घासणे. सबंध सकाळ त्यातच गेली. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने सर्व्हिसिंगच्या वेळी या कॅलिपरवर न मागता चंदेरी स्प्रे मारून दिला होता. तो गंजावरच मारलेला असल्यामुळे एका पावसाळ्यात निघून गेला, आणि त्याच्या उरलेल्या कडांखाली पाणी साठून गंज अधिकच खोल गेला. आता वायर ब्रशने आधी तो चंदेरी रंग, मग पापुद्रे, मग पॉलिश पेपरने उरलेला तपकिरी थर, असे उतरत उतरत करडे बीड दिसेपर्यंत जावे लागले. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवायची नसते, कारण ती श्वासात जाते आणि काही पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतो. मामांनी तोंडाला मास्क बांधून ती ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने टिपली.

नीट घासता यावे म्हणून कॅलिपर त्याच्या दोन बोल्टवरून सोडवला आणि वरच्या स्प्रिंगला तारेने टांगला. तो ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवला, तर नळीला आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. नळी उघडली नाही, त्यामुळे ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरण्याचा प्रश्न आला नाही. गाडीची चावी मात्र मामांनी खिशात ठेवली. कॅलिपर सुटा असताना कोणी सहज ब्रेकवर पाय दिला, तर पॅडला डिस्कवर दाबणारा आतला पिस्टन बाहेर येतो आणि मग काम रंगाचे राहत नाही.

पॅड हातात आले तेव्हा दोघेही थांबलो. बाहेरच्या पॅडचा घर्षणाचा थर ६ मिलिमीटर होता, आतल्याचा जेमतेम ३. आमच्या गाडीतला कॅलिपर तरंगता आहे, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळी मेहनत आतल्या पॅडवर पडते. खालची पिन बोटाने सहज सरकली. वरची पान्याने फिरवल्याशिवाय हलेना. तिचे रबर फाटले होते आणि आत सुकलेल्या ग्रीसच्या जागी गंज होता. मी लाल की राखाडी असा वाद घालत होतो, तेव्हा ती पिन तिथेच होती.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळण्यासाठी सोमवारची वाट पाहावी लागली. नवे पॅड दोन्ही पुढच्या चाकांना बसवायचे असतात, एकाच बाजूला बदलले तर ब्रेक लावताना गाडी ओढली जाते. पिना घासून त्यांना सिलिकोनचे ग्रीस लावले, कारण साधे खनिज तेलाचे ग्रीस रबर फुगवते. जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलला, तेव्हा बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइलची पातळी वर आली. ते सांडून बॉडीचा रंग जाऊ नये म्हणून मामांनी तिथे आधीच फडके धरायला सांगितले होते.

पुढच्या रविवारी अखेर रंग लागला. त्याआधी पिस्टनभोवतीचे रबर, पिनांची टोपणे, नळीचा जोड आणि ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचे छोटे तोंड) मास्किंग टेपने झाकले. पॅड ज्या खाचांत सरकतात त्या कोऱ्याच ठेवल्या. तिथे रंगाचा थर चढला, तर पॅड अडकतात आणि आम्ही नुकतेच काढलेले दुखणे पुन्हा मागे लागते. जानेवारी मुद्दाम निवडला होता, कारण दमट हवेत ओल्या रंगावर बाष्प बसून तो पांढुरका पडू शकतो. दोन पातळ हात दिले. पहिल्या हातानंतर कॅलिपर इतका ओबडधोबड दिसला, की मी लाल रंगाचा विषय पुन्हा काढला असता, पण मामांकडे पाहून गप्प बसलो. दुसऱ्या हाताने पृष्ठभाग सारखा झाला.

डब्यावरच्या सूचनेप्रमाणे रंग वाळू दिल्यावर चाक चढवले आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत घट्ट केले. गाडी हलवण्याआधी मामांनी ब्रेक अनेकदा दाबला. पहिल्या दाबांना पेडल थेट खाली गेले, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडना अजून डिस्कपर्यंत आणत होता. मग ते कडक झाले. गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत पायी चालण्याच्या वेगाने गेली आणि जिथे थांबवली तिथे थांबली. वॉचमनने चाकाच्या जाळीतून वाकून पाहिले आणि काय बदलले म्हणून विचारले, कारण त्याला काही दिसले नाही.

मिसळलेला रंग काही तासांत डब्यातच घट्ट होतो, तो पुन्हा वापरता येत नाही. मामांच्या खिडकीत तो डबा अजून आहे, आणि ढवळायची काडी त्यात उभीच्या उभी रुतलेली आहे.