संत्र्याचे फळं काऊन गळून राहिले?

(दृश्य : पहाट. नागपूरचा कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग.)

आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याचा माल उतरतोय. एकेका ढिगाची हर्रास सुरू आहे. गाडीला टेकून उभे असलेले हे शेतकरी दादा मोबाइल तोंडाजवळ धरतात आणि विचारतात, "संत्र्याचे फळं काऊन गळून राहिले?"

उत्तरांची यादी आली. दादांनी अजून मोबाइल खाली घेतलेला नाही.

(दृश्य : महालातलं जुनं वाचनालय. लाकडी कपाटाचे खण.)

ही यादी कशी आली, ते समजायला या कपाटासमोर उभं राहावं लागतं. पितळी कडी ओढली की खण बाहेर येतो. कार्डं निसटू नयेत म्हणून त्यांच्यातून सळई ओवलेली आहे. ग्रंथपालबाईंची बोटं बघा, कार्ड वाचायच्या आधीच ती पुढं सरकतात. एका पुस्तकाची तीन कार्डं : लेखकाचं, नावाचं, विषयाचं. वाचक काय आठवत येईल, कोण जाणे! कुणाला लेखक आठवतो, कुणाला नुसतं 'ते संत्र्याचं पुस्तक'. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं : वाचकाचा वेळ वाचवा. या खणांत ते सूत्र हातानं लिहिलेलं आहे.

सर्च इंजिन याच कामातून आलं. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बार्बाडोसहून आलेल्या अ‍ॅलन एमटाज यांनी 'आर्ची' तयार केलं. ठिकठिकाणच्या संगणकांवरच्या फायलींची नावं त्यात शोधता येत. फक्त नावं. आत काय लिहिलंय, त्याचा पत्ता नाही. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांचं 'जंपस्टेशन' आलं. ते एका वेबपानावरच्या दुव्यावरून (लिंकवरून) दुसऱ्या पानावर आपणच जाई, नोंद करी आणि शोधूही देई. तरी नोंद शीर्षकांपुरतीच. पुढच्या वर्षी 'वेबक्रॉलर'नं पानातला शब्द न् शब्द नोंदवला.

(दृश्य : पुस्तकाची शेवटची पानं. शब्दसूची.)

ही शब्दसूची बघा. आधी शब्द, मग तो कुठल्या पानांवर आहे त्यांचे आकडे. सर्च इंजिनच्या पोटात हीच सूची असते, साऱ्या वेबची. शोध घेताना ते पानं चाळत बसत नाही, सूची उघडतं.

पण आधी कुठलं पान दाखवायचं? १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं, की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला वजन जास्त द्यावं. 'आणि' सगळीकडे सापडतो, 'फळगळ' मोजक्या ठिकाणी. या बाईंचं नाव शाळेतल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी त्यात दुव्यांचा विचार जोडला : वजनदार पानं ज्याच्याकडे बोट दाखवतात, ते पान वर. १९९८ मध्ये गूगल कंपनी झाली. पुढे शोधासोबत जाहिराती आल्या, आणि पहिल्या पडद्यावर न दिसणारं पान बहुतेकांच्या लेखी उरलंच नाही.

(दृश्य : सीताबर्डी. डीटीपीचं दुकान. जुनी फाइल उघडते.)

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतोय. हा मराठी मजकूर आहे, इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. फॉन्ट गेला की अक्षरं गेली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय संकेतात, देवनागरी १९९१ पासून होती, तरी आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच टाइप होत राहिलं. लिहिलेलं होतं, वेबवर चढवलेलंही होतं, पण 'संत्रा' म्हणून शोधणाऱ्याला ते सापडणार नव्हतं.

शिवाय आपला शब्द जागच्या जागी राहत नाही. संत्रा, संत्र्याचा, संत्र्यांना, संत्र्यावरचा. माणसाला हे एकच फळ, नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला चार. आणि दादांनी तर 'का'साठी वऱ्हाडी बोलीतलं 'काऊन' विचारलं! शेतीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं 'फळगळीची कारणे'. २०१९ मध्ये गूगलनं शोधात आणलेलं 'बर्ट' हे भाषा समजून घेणारं तंत्र वाक्यातले शब्द एकमेकांच्या संदर्भात वाचतं. पण अशी तंत्रं शिकतात ती लिहिलेल्या मजकुरावरून, आणि वऱ्हाडी लिहिली किती गेली?

(दृश्य : पुन्हा वाचनालय. खिडकीपाशी स्कॅनर, दोन विद्यार्थी.)

शेतीच्या जुन्या पुस्तिका इथं स्कॅन होत आहेत. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातून अक्षरं वेगळी काढावी लागतात. संगणक काढतो, पण जोडाक्षरांत चुकतो, पुसट शाईत चुकतो. म्हणून एक जण जुनं पान वाचतो, दुसरी पडद्यावर तपासते.

"फळगळ."

"इथं 'फलगल' आलंय."

ती दोन्ही 'ळ' दुरुस्त करते. तो पुढची ओळ वाचतो.