त्याचं उत्तर, तिचं अक्षर

(दृश्य: कॉलेजचा जिना, सकाळ)

पुणे. पावणेअकरा वाजलेत. अकराला इतिहासाचा पेपर. तो बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, जन्मापासून दिसत नाही. ती नुकतीच बारावी झालेली, त्याची रायटर, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारी. कागदोपत्री शब्द 'लेखनिक', पण इथं सगळे रायटरच म्हणतात.

आठवड्यापूर्वी, पहिल्या भेटीत, तिनं त्याचा दंड धरून त्याला जवळजवळ ओढतच जिना चढवला होता. आता बघा. तिनं कोपर पुढे केलंय, त्यानं ते हलकं धरलंय आणि तो अर्धं पाऊल मागून येतोय. ती थांबली की त्याला कळतं, वळली की कळतं. बोलायचं एवढंच, "पायरी, वर." हे त्यानंच तिला शिकवलं.

(दृश्य: ब्रेलची पाटी, बोटं)

ही त्याची वही. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं वर येतात, ती डावीकडून उजवीकडे वाचायची. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातलं. सहा टिंबांची ही पद्धत लुई ब्रेलनं 1824 मध्ये बसवली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मराठीतला 'क' दोन टिंबांत होतो. वर्षभराचा अभ्यास या बोटांनी केलाय. पण पेपर तपासणाऱ्यांना ब्रेल येत नाही, म्हणून ती हवी.

सरावाच्या वेळी तिनं डोळ्यांवर ओढणी बांधून पाहिली होती. त्याचं जगणं समजून घ्यावं, हा मनापासूनचा हेतू. तो म्हणाला, "पट्टी बांधून अंधार कळेल. मी अंधारात नाही राहत. त्यापेक्षा मला विचार ना."

मग तिनं विचारलं. प्रश्न किती वेळा वाचू? आकडे कसे सांगशील? मी चुकले तर थांबवशील?

(दृश्य: वेगळी खोली, पंखा, सुपरवायझर)

इतरांना तीन तास, त्याला चार. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा.

आधी ती अख्खी प्रश्नपत्रिका वाचते, गुणांसकट. तो ती डोक्यात ठेवतो आणि ठरवतो, "तिसऱ्यापासून घे." मग वाक्य, स्वल्पविराम, नवा परिच्छेद. ती लिहीत असताना तो मान किंचित वाकवून ऐकतो. पेनाचा आवाज थांबला की पुढचं वाक्य.

पुणे करार. तो सांगतो, "1931." तिला साल माहीत आहे. तिचं पेन क्षणभर अडतं आणि 1931 लिहितं. रायटरनं सुचवायचं नाही, हा नियम आहे. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहा, नियमापेक्षा मोठं काहीतरी ती सांभाळतेय. हे उत्तर त्याचं आहे.

दोन ओळींनंतर तो म्हणतो, "मागचं वाचून दाखव." ती वाचते. सालावर जोर नाही, आवाज चढत नाही, थांबत नाही. आठवडाभर तिनं सर्वांत जास्त सराव याचाच केला होता.

"थांब. बत्तीस कर."

(दृश्य: पुरवण्या बांधणारे हात)

ऐनवेळी रायटर आला नाही म्हणून पेपर बुडालेली, त्यापायी वर्ष गेलेली मुलंही आम्हाला भेटली.

(दृश्य: तीन वाजता, जिना उतरताना)

"हात दुखतोय ना?" तो विचारतो. ती बोटं उघडते, मिटते. मग कोपर पुढे करते.

"पायरी, खाली."

गुरुवारी अर्थशास्त्र. त्या दिवशी तिची स्वतःची परीक्षा आहे. गुरुवारसाठी रायटर अजून मिळालेला नाही.