ताटात आधी काय? वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरची प्रथिनं

[दृश्य: ओट्यावर वाढलेलं ताट. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, कोशिंबीर.]

हे ताट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वजन कमी करण्यासाठी जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया झालेल्या माणसापुढे ते असंच ठेवलं, तर अर्धी पोळी आणि चार घास भात खाऊन तो थांबेल. पोट भरलेलं असेल. प्रथिनं मात्र जेमतेम तीन-चार ग्रॅम गेलेली असतील.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. वजनासाठीची दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा बायपास; तिच्यात जठराचा वरचा, साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये आणखी एक गोष्ट घडते. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग निघून जातो. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूकच लागत नाही. जेवण राहून गेलं तरी ध्यानात येत नाही.

वजन भराभर उतरतं, घरचे खूश होतात. पण उतरलेल्या किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे साधा काटा सांगत नाही. बाहेरून प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. दंड सैल पडतात, जिना चढताना पाय भरून येतात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात, काहींना त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

[दृश्य: पातेल्यात उकळणारी मूगडाळ. वरचं पाणी पळीनं काढलं जातंय.]

पहिल्या आठवड्यांत फक्त पातळ पदार्थ चालतात. अशा वेळी घरातली मोठी माणसं मायेनं डाळीचं पाणी देतात, भाताची पेज देतात. त्या मायेबद्दल शंका नाही. पण डाळीची प्रथिनं डाळीतच राहतात, वरच्या पाण्यात फारच थोडी उतरतात. डॉक्टरांची परवानगी मिळाली की डाळ पूर्ण घोटून, गाळून द्यावी. दुधात दुधाची पावडर मिसळावी, म्हणजे तेवढ्याच घोटांत जास्त प्रथिनं जातात.

पुढे मऊ आणि मग नेहमीचं जेवण सुरू होतं, तेव्हा क्रम बदलायचा. आधी पनीर, अंडं, मासा किंवा घट्ट वरण. मग भाजी. पोळी-भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास नको.

मासे-अंडी खाणाऱ्यांचं काम सोपं आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शिजलेल्या पन्नास ग्रॅम मासळीत दहाएक ग्रॅम. कालवणातला मऊ मासा सहज जातो, कोरडं चिकन मात्र अडकतं. त्यापेक्षा रश्शातला खिमा बरा.

शाकाहारी घरात हिशेब मांडावाच लागतो. पेलाभर दुधात दोन चमचे दुधाची पावडर, अकरा ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. तीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, सात. वीस ग्रॅम सोयाबीन वड्या, दहा. वाटीभर चक्का, आठ-नऊ. एवढं सगळं खाऊनही बेरीज ४५ च्या आसपास थांबते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत एवढं सगळं जातच नाही. म्हणून व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा, एक स्कूप लागतो. त्यातून वीस ते पंचवीस ग्रॅम मिळतात. ‘पावडर म्हणजे जिमवाल्यांची’ असं म्हणून ती टाळणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: या काळात ती तुमच्या जेवणाचाच भाग आहे.

[दृश्य: फडक्यात टांगलेलं दही, खाली पातेलं.]

चक्का मात्र आपल्या घरातला खरा खजिना. अर्ध्या लिटर दुधाचं दही टांगलं की त्यातली बरीचशी प्रथिनं थोडक्या गोळ्यात येतात. त्यात मीठ, जिरेपूड घाला. साखर घालून श्रीखंड केलंत, तर बायपास झालेल्यांना घाम, धडधड, पोटात कळ असा त्रास होऊ शकतो.

उपासाच्या दिवशी जास्त जपा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि तीन-चार घासांत पोट भरतं. उपास सोडवत नसेल, तर दूध, चक्का, पनीर यांवर करा. घरातल्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिनं सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खायचं, हे थांबायला हवं. तिची पनीरची वाटी आधी बाजूला काढून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, माणूस घाबरतो. हे गळणं बहुधा तात्पुरतं असतं. पण ते थांबेना, पायांवर सूज दिसू लागली, तर प्रथिनांची आणि लोहाची तपासणी करून घ्या. उलट्या सुरूच राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बी-वन जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि नसांना इजा होऊ शकते. सगळं ठीक वाटत असलं, तरी पहिल्या वर्षात ठरलेल्या तपासण्या करायच्या, आणि नंतर वर्षातून एकदा, आयुष्यभर.