वाय-फाय केव्हा तुटते आणि कुठे तुटते

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला टीव्ही वाय-फायवर चालतो आहे, मुलांचा लॅपटॉपही चालतो आहे, आणि एकट्या मोबाइल फोनचे वाय-फाय मात्र थोड्या थोड्या वेळाने तुटते, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. परगावी असलेल्या मुलीशी बोलता बोलता तिचा चेहरा पडद्यावर थिजतो, आवाज तुटत तुटत बंद होतो, मग घरातले कोणीतरी उठून राउटर बंद करून पुन्हा चालू करते, दहा मिनिटे बरी जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. ज्यांचे अर्धे आयुष्य या यंत्रांशिवाय गेले, अशी वडीलधारी माणसे तर ‘माझ्याच हातून काहीतरी दाबले गेले असेल’ असे म्हणून फोन बाजूला ठेवून देतात. त्यांनी स्वतःला असा दोष लावून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण बहुतेक वेळा त्यांच्या हातून काहीही चुकलेले नसते.

या तक्रारीवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी राउटर बदला म्हणतो, कोणी फोन रिसेट करा म्हणतो, कोणी सरळ नवा फोन घ्यायला लावतो. माझे सांगणे असे आहे की फोनच्या एकाही सेटिंगला हात लावण्यापूर्वी, वाय-फाय केव्हा तुटते आणि घरात कुठे असताना तुटते, याची तीन-चार दिवस कागदावर नोंद करावी. तुटण्याच्या वेळेत आणि जागेतच बहुधा कारण सापडते.

हे मी माझ्या मावशीच्या घरी शिकलो. ती साताऱ्याला राहते. तिच्या फोनचे वाय-फाय सारखे तुटत असे, आणि एका दुकानात तिला फोन जुना झाला, बदलून टाका, असे सांगण्यातही आले होते. मी तिला फोनवरून एवढेच सांगितले की जेव्हा तुटेल तेव्हा घड्याळ पाहा आणि लिहून ठेव. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब मांडते, त्यावरच तिने ही नोंद केली. पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात दुधाचा एक किंवा दीड असा आकडा होता, आणि काही चौकोनांत त्याखाली बारीक अक्षरात ‘वा. ९.१०, ९.४०, ११.२५’ अशा वेळा होत्या. सोमवार ते शुक्रवारचे चौकोन जवळजवळ कोरे होते, आणि वेळांची सगळी गर्दी शनिवार-रविवारच्या चौकोनांत होती. शनिवारी-रविवारी तिच्या घरात वेगळे काय असते? पुण्याला शिकणारा तिचा नातू घरी येतो आणि येताना लॅपटॉप आणतो.

आता याचे कारण थोडे सविस्तर सांगतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९२.१६८.१.५ असा काहीतरी तो असतो. कोणाला कोणता क्रमांक दिला याची वही राउटर स्वतः ठेवतो, आणि एकच क्रमांक दोघांना जाणार नाही याची काळजी घेतो. मावशीच्या फोनमध्ये मात्र दोन वर्षांपूर्वी जोडणी करायला आलेल्या माणसाने हा क्रमांक हाताने लिहून कायमचा करून ठेवला होता. राउटरच्या वहीत त्या क्रमांकापुढे कोणाचेच नाव नव्हते. त्यामुळे नातवाच्या लॅपटॉपने क्रमांक मागितला की राउटर नेमका तोच क्रमांक त्याला देऊन टाकत असे. मग एकाच पत्त्यावर दोन यंत्रे, आणि फोनसाठी आलेली माहिती कधी फोनकडे तर कधी लॅपटॉपकडे जायची. वाय-फायच्या यादीत आपल्या घरच्या नावासमोर जे दातेरी चक्र दिसते, त्यात जाऊन आयपी सेटिंग्जमध्ये ‘स्टॅटिक’ लिहिलेले होते, तिथे ‘डीएचसीपी’, म्हणजे राउटरनेच क्रमांक द्यावा ही सोय, निवडली. दोन मिनिटांचे काम होते. तो फोन ती आजही वापरते.

तेव्हा नोंद करताना पहिली गोष्ट ही पाहावी की जाते ते वाय-फाय की इंटरनेट. बोलताना आपण दोन्हींना ‘नेट गेले’ असेच म्हणतो, परंतु फोनपासून राउटरपर्यंतचा बिनतारी दुवा हे वाय-फाय, आणि राउटरपासून पुढे तारेतून बाहेर जाणारी वाट हे इंटरनेट. पडद्यावरचे पंख्यासारखे चिन्ह पूर्णपणे नाहीसे होत असेल, तर दुवा तुटला आहे. चिन्ह जागेवर राहून त्यावर उद्गारचिन्ह येत असेल, तर दुवा शाबूत आहे आणि अडचण पुढे आहे. अशा वेळी फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहावेत. त्यांपैकी ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लागलेला किंवा लुकलुकत असेल, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. हे काम कंपनीच्या माणसाचे आहे आणि फोनमध्ये कितीही बदल केले तरी त्याचा उपयोग होणार नाही.

आता जागेविषयी. आपण हे भाषण रेडिओवर ऐकत आहात, म्हणून हा भाग आपल्याला समजावणे मला सोपे आहे, कारण वाय-फाय हाही एक रेडिओच आहे. मध्यम लहरींवरील केंद्राच्या लहरीची लांबी काही शे मीटर असते, एफ.एम.च्या लहरीची सुमारे ३ मीटर. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी आहे सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत, आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्म्याहून कमी. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत अधिक मुरते. प्रक्षेपणाची ताकद आणि लहरीची लांबी या दोन्हींमुळे शेकडो किलोमीटरवरचे केंद्र घरात स्पष्ट ऐकू येते, आणि बैठकीतला राउटर माजघरात पोहोचत नाही. कोकणातली जाड चिऱ्याची भिंत, वाड्यांमधल्या हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, शहरातल्या इमारतींचे सळईचे काँक्रीट, यांतून जाताना लहरींची ताकद फार घटते. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे तर तिला जवळजवळ अडवूनच धरतात. इतके असूनही आपल्याकडे राउटर ठेवला जातो तो दाराजवळ, टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, कारण वायर तिथून आत आलेली असते. पाच-दहा मीटर जादा वायर टाकून घेऊन तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवला, तर निम्म्या घरांतील तक्रार तिथेच मिटेल, असा माझा अनुभव आहे.

यातली एक बाब फारशी सांगितली जात नाही. फोनवर सिग्नलच्या रेषा भरलेल्या दिसतात, तरीही वाय-फाय तुटते, तेव्हा लोक गोंधळतात. त्या रेषा राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच दाखवतात. फोनचा आवाज राउटरला किती ऐकू येतो, हे त्या दाखवत नाहीत. राउटर घरच्या विजेवर चालतो, फोन आपल्या लहानशा बॅटरीवर, आणि म्हणून फोनची हाक बहुधा क्षीण असते. बैठकीतल्या माणसाने मोठ्याने विचारावे, माजघरातल्या आजींना ते ऐकू यावे, पण त्यांचे उत्तर बाहेर पोहोचू नये, तसे हे होते. पुष्कळदा हाक मारूनही उत्तर मिळाले नाही की राउटर तो दुवा सोडून देतो. तोच फोन घेऊन राउटरपासून दोन-तीन मीटरवर अर्धा तास बसावे. तिथे तुटत नसेल, तर फोन निर्दोष आहे आणि प्रश्न अंतराचा व भिंतींचा आहे. धातूचे किंवा लोहचुंबक बसवलेले कव्हर असल्यास तेही या वेळी काढून पाहावे.

अलीकडच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे असतात. आपल्या देशात २.४चा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला, आणि ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ इतका पट्टा ऑक्टोबर २०१८मध्ये. पहिला दूर जातो पण त्यात गर्दी फार, दुसरा वेगवान पण एक-दोन भिंतींत थकणारा. राउटर पुष्कळदा दोन्हींना एकच नाव देतो आणि फोनला यातून त्यातून ढकलत राहतो. घरात चालताना, विशेषतः एका ठरावीक दाराशी आल्यावर वाय-फाय क्षणभर जाऊन परत येत असेल, तर संशय इथे घ्यावा. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्यांना दोन निराळी नावे द्यावीत आणि आतल्या खोलीत वापरायचा फोन २.४वरच ठेवावा. वेग थोडा कमी होईल, पण बोलणे तुटणार नाही, आणि घरातल्या माणसांना बहुधा तेच हवे असते.

गर्दीचे म्हणाल तर २.४च्या पट्ट्याचे जे लहान भाग, म्हणजे चॅनेल, केलेले आहेत, त्यांत एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ एवढे तीनच आहेत, आणि एका सोसायटीत वीस-पंचवीस राउटर सहज असतात. संध्याकाळी सातनंतर सगळे घरी आल्यावरच तुटत असेल, तर यांपैकी सर्वांत रिकामा चॅनेल निवडून पाहावा. विमानतळाजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक. ५ गिगाहर्ट्झमधील ५२ ते १४४ या क्रमांकांचे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, आणि रडारची चाहूल लागताच राउटरने तो चॅनेल लगेच सोडावा असा नियम आहे. तेव्हा सगळ्यांचेच वाय-फाय एकदम तुटते. ३६ ते ४८ या चॅनेलवर ही अडचण नसते.

वेळेच्या नोंदीत ठरावीक अंतर दिसले, तर ते फार मोलाचे. दर तासाला न चुकता तुटत असेल, तर राउटर त्या वेळी माहिती गुप्त ठेवण्यासाठीची आपली सामायिक सुरक्षा किल्ली बदलतो आणि फोनला ती नीट घेता येत नाही, असे असू शकते. इथे फोन आणि राउटर दोघांचीही प्रणाली अद्ययावत करणे हाच खरा उपाय. रात्री फोन ठेवून दिल्यावरच तुटत असेल, तर बॅटरी बचतीची सोय वाय-फायला झोपवते आहे. दिवे मिचकावण्याच्या किंवा इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणी तुटत असेल, तर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आहे. या शेवटच्या प्रकारात राउटरचा ॲडाप्टर तपासून घ्यावा. वर्षानुवर्षे तापून तो क्षीण होतो, दिवे सगळे लागलेले दिसतात, पण भार वाढला की वीज पुरत नाही. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. व्होल्ट वेगळे असलेला ॲडाप्टर कधीही लावू नये.

एवढे सगळे पाहून झाले आणि एकाच फोनची तक्रार उरली, तर मग फोनची सेटिंग्ज उघडावीत. पहिली पाहावी ती, वाय-फाय कमकुवत वाटताच आपणहून मोबाइल डेटावर जाण्याची सोय. आयफोनमध्ये ती २०१५पासून ‘वाय-फाय असिस्ट’ या नावाने मोबाइल डेटाच्या पानाच्या अगदी तळाशी असते, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचे नाव निराळे, पण ती वाय-फायच्या प्रगत सेटिंग्जमध्ये सापडते. ती तात्पुरती बंद करून एक दिवस काढावा. त्यानंतर आपले नेट तिसऱ्याच संगणकामार्गे नेणारे व्हीपीएन व संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारे ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सोयी चालू असल्यास बंद करून पाहाव्यात, आणि फोनची तारीख व वेळ बरोबर आहे ना तेही पाहावे, कारण तारीख चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि नेटच नाही असा आपला समज होतो. राउटरवर ठरावीक यंत्रांनाच प्रवेश ठेवलेला असेल, तर आणखी एक अडचण येते. अँड्रॉइडने २०१९पासून आणि आयफोनने २०२०पासून, आपला माग काढता येऊ नये म्हणून, वाय-फायला आपली खरी ओळख न देता बदललेली ओळख सांगायला सुरुवात केली. राउटरच्या यादीत ही नवी ओळख नसली तर तो फोनला आत घेत नाही. फक्त घरच्या वाय-फायपुरती ही सोय बंद करता येते.

एका वेळी एकच बदल करावा, आणि त्यानंतर पूर्ण एक दिवस कॅलेंडरवर पाहावा. पाच बदल एकदम केले आणि सुटले, तर कशाने सुटले ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करण्याचा उपाय याच्याही नंतरचा. त्याने फोटो किंवा संदेश जात नाहीत, परंतु जपून ठेवलेले सर्व वाय-फाय पासवर्ड आणि बहुतेक फोनांत ब्लूटूथच्या जोडण्याही जातात. ज्यांच्या कानाचे यंत्र ब्लूटूथने फोनशी जोडलेले आहे, त्यांचा फोन रिसेट करण्याआधी ते पुन्हा जोडून देणारे कोणी घरात आहे ना, एवढे अवश्य पाहावे. आणि शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या घरच्या वाय-फायवरही, राउटरच्या अगदी जवळ बसूनही, तोच फोन तसाच तुटत असेल, तर दोष फोनच्या आतल्या अँटेनात किंवा चिपमध्ये आहे असे समजावे. फोन जोरात पडला किंवा पावसात भिजला होता का, ते आठवून दुरुस्ती केंद्रात सांगावे, आणि जाताना ते कॅलेंडरचे पानही बरोबर न्यावे.

नमस्कार.