शेवटच्या भागाआधीचे तीन भाग

मित्रहो, मालिकेचा शेवट फसला की सगळे शेवटच्या भागाला बोल लावतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा त्याआधीच्या भागांत असतो.

'ब्रेकिंग बॅड' घ्या: अमली पदार्थ बनवू लागलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाची, वॉल्टरची, अमेरिकन मालिका. पाच पर्वं, 62 भाग. शेवटचा भाग 29 सप्टेंबर 2013 रोजी आला. पण कथेचा कडेलोट होतो तो शेवटून तिसऱ्या भागात. वॉल्टरचा साडू, अमली पदार्थविरोधी अधिकारी हँक मारला जातो, बहुतेक पैसा गुंड लुटतात, घर फुटतं, वॉल्टर परागंदा होतो. पुढचा भाग मुख्यतः त्याच्या एकटेपणाचा. त्यामुळे अखेरीस मोजकीच कामं उरतात: उरलेला पैसा मुलापर्यंत पोचवणं, गुंडांचा निकाल, साथीदार जेसीची सुटका आणि बायको स्कायलरसमोर 'हे सगळं मी माझ्यासाठीच केलं' ही कबुली. मशीनगन पाचव्या पर्वाच्या सुरुवातीलाच दाखवलेली. रायसिन हे विष विजेच्या सॉकेटमागे दडवलेलं. नवं काही समजावत बसावं लागत नाही, म्हणून कबुलीला निवांत वेळ मिळतो. अख्खी मालिका त्या एका वाक्यासाठी थांबलेली होती.

'हाउ आय मेट युअर मदर'चं उलट झालं. त्यात टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतो; रॉबिन ही त्याची जुनी प्रेयसी. मुलांचं काम करणारे कलाकार मोठे होतील म्हणून त्यांची शेवटची प्रतिक्रिया दुसऱ्या पर्वाच्या सुमारासच चित्रित करून ठेवली: बाबा, रॉबिनकडे जा! शेवट असा गोठला आणि कथा मात्र वाढत राहिली. टेडचा मित्र बार्नी आणि रॉबिनचं नातं प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारलं. नवव्या पर्वाच्या 24 भागांतले तब्बल 22 त्यांच्या लग्नाच्या एका वीकेंडभोवती फिरतात, आणि शेवटच्या दोन भागांत ते लग्न मोडतं, मुलांची आई आजारी पडते, जातेही. तिचा मृत्यू दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. लोक चिडले ते तिच्या जाण्यापेक्षा या उरकण्यावर. पुढे डीव्हीडीवर पर्यायी शेवट द्यावा लागला. लग्न आठव्या भागात लावून उरलेलं पर्व संसार विस्कटण्याला दिलं असतं, तर तेच जुनं चित्रीकरण पटलं असतं.

'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये तर आकडेच बोलतात. पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची, सातवं सातचं, आठवं सहाचं. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसने राजधानी जाळणं मला मुळीच अशक्य वाटत नाही. तिथवर नेणाऱ्या पायऱ्या गाळल्या गेल्या. शहर जळतं उपान्त्य भागात, तिचा अंत लगेच पुढच्यात. त्याच भागात स्टार्क घराण्यातला ब्रॅन राजाही होतो.

माफिया टोळीप्रमुख टोनीच्या 'सोप्रानोज' मालिकेच्या शेवटी अचानक काळा होणारा पडदा वेगळा. दाराची घंटा वाजते, टोनी वर पाहतो, मग त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. हीच रचना पुन्हा पुन्हा दाखवून मगच ती तोडली आहे.

आता आपल्याकडचं. दूरदर्शनवर 13 भागांची मंजुरी असे, तेव्हा लेखकाला शेवट समोर दिसायचा. दैनंदिन मालिकेत टीआरपी घसरला की चॅनलचा निरोप येतो आणि हातात काही आठवडेच उरतात. मग खलनायिकेला दोन भागांत उपरती होते आणि सगळं कुटुंब दिवाणखान्यात हसत उभं राहतं. निरोप आला की आधी नवे ट्रॅक थांबवा, उपकथानकं पहिल्या आठवड्यात मिटवा, आणि पहिल्या भागात उभा केलेला प्रश्न तेवढा अखेरपर्यंत राखा. उपरतीला जागा नसेल तर ती देऊ नका. खलनायिका न बदलता हरली तरी प्रेक्षक मान्य करतो.