तळघरातला टॉरस

(दृश्य: पिवळट पडलेला लांबट खोका. झाकण उघडतं. आराखड्याची घडी उलगडते.)

खोक्यावर नाव आहे, टॉरस. रेडिओवर उडवायच्या विमानाच्या मॉडेलचं हे किट. आत बाल्सा या अतिहलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, चौकोनी दांड्या, वाकवलेल्या तारा आणि घड्यांवर विरत आलेला एक भलामोठा कागद. हा आराखडा विमानाच्याच मापाचा आहे, एकास एक. तो बघून बांधायचं नसतं, त्याच्यावर ठेवून बांधायचं असतं.

किट शिकागोच्या टॉप फ्लाइट कंपनीचं. विमान आरेखलं एड काझमिर्स्की यांनी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. आणि हे तळघर आहे नेपरव्हिलमध्ये, शिकागोच्याच पश्चिमेला. इतक्या वर्षांत खोका फार लांब गेलेला नाही. मधे कुणाकुणाच्या माळ्यावर पडून होता, एवढंच.

(दृश्य: काका चष्मा कपाळावर सरकवून फळी उजेडाकडे धरतात.)

काका मूळचे मुंबईचे. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, तिथे बाल्सा पहिल्यांदा हातात आला. पुढे अमेरिकेत आयुष्यभर साचे आणि डाय बनवण्याचं काम केलं. निवृत्त झाले आणि या तळघरात परत बाल्सापाशी आले. बाहेर बर्फ आहे. इथल्या विमानवाल्यांचं वर्षच असं चालतं. हिवाळ्यात बांधायचं, उन्हाळ्यात उडवायचं.

आज दुकानात तयार विमान मिळतं. पंख जोडलेले, रंगाची फिल्म चढवलेली. संध्याकाळी खोका उघडला की शनिवारी मैदानावर. त्यात वाईट काही नाही. पण तशा विमानाने आकाशात एका बाजूला ओढ घेतली, तर ती कुठून आली हे मालकाला कळायला मार्ग नसतो. काका सांगू शकतात.

(दृश्य: जुना ट्रान्समिटर. खटक्यांची रांग जवळून.)

पण पंखाकडे वळण्याआधी हा डबा बघायलाच हवा. त्याशिवाय टॉरसचा आकार असा का, हे कळत नाही.

१९६० साली रेडिओवर चालणाऱ्या कसरतीच्या विमानांची पहिली जागतिक स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फला झाली. काझमिर्स्की जिंकले. विमान होतं ओरायन, टॉरसच्या आधीचं. त्या काळात असे ट्रान्समिटर असत. नीट बघा, यावर स्टिक नाही. पाच खटके आहेत. प्रत्येक खटका दोन बाजूंना जातो, म्हणून दहा चॅनल. डावा-उजवा एलेरॉन (विमान कुशीवर कलवणारी पंखाची झडप), वर-खाली एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप), डावा-उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी), इंजिन जास्त-कमी आणि शेवटचा खटका एलेव्हेटरच्या ट्रिमचा, म्हणजे बारीक जुळवणीचा.

खटका दाबला की एक ठरावीक सूर हवेतून जातो. आता रिसीव्हरच्या आत बघू.

(दृश्य: भिंगाखाली पोलादी पट्ट्या. एक पट्टी थरथरून धूसर होते. शेजारच्या स्तब्ध.)

या रीड. पेटीत असतात तशाच, प्रत्येकीची लांबी वेगळी, प्रत्येकीचा सूर वेगळा. फक्त कारभार उलटा. पेटीत पट्टी हलते आणि सूर निघतो. इथे सूर येतो आणि त्याची तेवढी पट्टी हलते. हलली की वरच्या टोकाला टेकते, वीज वाहते, सर्व्होची, म्हणजे झडप हलवणाऱ्या यंत्राची, मोटर फिरते. खटका सोडला, पट्टी थांबली, एलेरॉनचा सर्व्हो परत मधे.

म्हणजे एलेरॉनला ‘थोडासा’ ही सोयच नव्हती. द्यायचा तर पूर्ण, नाहीतर शून्य. थोडा हवा असेल तर बोटाने खटका टिचक्या मारल्यासारखा दाबत राहायचं. त्या काळच्या वैमानिकांची बोटं बघणाऱ्याला सतारियाची वाटली असतील, पण विमानाला मात्र धक्केच बसत.

मग विमान कसं हवं? आपणहून सरळ जाणारं. जिकडे तोंड केलं तिकडे, कुणी हात न लावता, जात राहणारं. हात जितका कमी लागेल तितकी कसरत स्वच्छ. पंख जाड, म्हणजे उतारावर सूर मारतानाही वेग भरमसाठ वाढत नाही. पुढे नाकाखाली चाक, म्हणजे धावपट्टीवर मान ताठ. लूप म्हणजे उभी गिरकी, रोल म्हणजे स्वतःभोवतीची फिरकी, उलटं उडणं, हे सगळं असल्या हुकमांवर करून दाखवायचं होतं. त्यामुळे विमान वाकडं बांधलेलं असेल तर लपवायला जागाच नव्हती. आजच्या रेडिओत चार बटणं दाबून वाकडेपणा झाकता येतो. टॉरसच्या काळात तो बांधणीच्या फळीवरच काढावा लागे.

तो रेडिओ काका उडवायला वापरत नाहीत. विमानात आजचा २.४ गिगाहर्ट्झचा सेट जाणार आहे. निष्ठावंतांना हे खपत नाही. आम्हाला खपतं. साठ वर्षं जुन्या कॉन्टॅक्टच्या भरवशावर विमान माणसांच्या आसपास फिरवायचं, ही निष्ठा नव्हे.

(दृश्य: आराखड्यावर मेणकागद. टाचण्या. पहिली रिब उभी राहते.)

पंख.

खाली सपाट फळी. सपाट म्हणजे खरोखर सपाट, काकांनी लोखंडी पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून खालून दिवा लावून तपासलेली. तिच्यावर आराखडा, त्यावर मेणकागद, नाहीतर पंख कागदालाच चिकटायचा. खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी दांडी, टाचण्यांनी पक्का. मग एकेक रिब, पंखाला आकार देणारी फासळी.

या रिब किटमधल्या नाहीत. किटमधल्या आहेत त्या तिकडे, डब्यात. त्या काळी पोलादी डायने फळीतून आकार छापून काढत. डायची धार बोथट झाली की ती लाकूड कापत नसे, चेंगरत असे. या खोक्याच्या वाट्याला तशीच डाय आलेली दिसते. शिवाय इतक्या वर्षांत बाल्सा ठिसूळ झाला आहे. आयुष्यभर डाय बनवलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर आहेच.

(दृश्य: काका चेंगरलेली कड नखाने तपासतात. थांबा. निवेदन नको.)

म्हणून मूळ रिब पातळ प्लायवुडवर गिरवून तिचा फर्मा केला आणि नव्या फळीतून सगळ्या पुन्हा कापल्या. फळी निवडण्यातच एक सकाळ जाते. बाल्सा बहुतेक इक्वेडोरहून येतो. झाड पाच-सहा वर्षांत तोडायला तयार होतं, पण एकाच दुकानातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचाही फरक असतो. काका प्रत्येक फळी तराजूवर ठेवतात, मग वाकवून बघतात. ज्या फळीवर चकाकणारे ठिपके दिसतात ती ताठ, वाकवली तर तडकते. ती रिबला. जी पुठ्ठ्यासारखी वळते ती पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला. हीच फळी उलटीकडे वापरली तर पंख पहिल्याच लूपमध्ये पिळतो.

वरचा स्पार बसला. दोन्ही स्पारांच्या मधे, रिबांच्या फटीत, छोटे तुकडे चिकटवले जात आहेत. त्यांचे तंतू उभे आहेत, आडवे नाहीत. लूपच्या तळाशी पंख वर वाकू पाहतो, वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि हे तुकडे दोघांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. पंख पूर्ण झाल्यावर हे कुणालाही दिसणार नाहीत.

आता पुढच्या कडेवर पातळ फळीचं कातडं. बाहेरची बाजू पाण्याने ओली केली की ती आपसूक वळते. कातडं चढेपर्यंत हा सांगाडा हातात पिळता येत होता.

(दृश्य: काका दोन्ही टोकं धरून पीळ देऊन पाहतात.)

आता येत नाही. आणि म्हणूनच ही पायरी पंख फळीवरून न सोडवता करायची. या क्षणी जो पीळ राहील तो कायमचा राहील. आकाशात टॉरस सरळ जाणार की नाही, हे आत्ता, इथे, बर्फ पडत असताना ठरलं.

(दृश्य: धडाच्या दोन बाजू, फॉर्मर, इंजिनच्या दांड्या.)

धडाचं काम त्या मानाने पेटी बनवण्याचं. दोन बाजू, मधे फॉर्मर, म्हणजे आडव्या चौकटी, पुढे इंजिन बसायला मेपलच्या दांड्या. इंजिनजवळच्या लाकडाला आतून इपॉक्सी, कारण इंधनातलं तेल कोरड्या बाल्सात शिरलं की लाकूड कापसासारखं होतं.

टाकीकडे मात्र लक्ष द्या. आत मऊ नळी आहे आणि तिच्या टोकाला पितळी वजन. विमान उलटं झालं की इंधन टाकीच्या छताशी जातं, वजनही नळीसकट तिकडेच पडतं. हलवली की आवाज येतो.

(दृश्य: टाकी कानाशी. टक. टक.)

टाकीची उंची कार्ब्युरेटरच्या पातळीला. नाहीतर सुलटं असताना इंजिन एक सूर लावतं आणि उलटं झाल्यावर दुसरा.

(दृश्य: गॅरेज. स्लो कुकर. झाकणावर वाफ.)

हा स्वयंपाक नाही, आणि हे भांडं परत स्वयंपाकघरात जाणार नाही. आत के अँड बी कंपनीचं ४५ नंबरचं इंजिन आहे, साधारण साडेसात सीसीचं. जुन्या वस्तूंच्या मेळ्यात मिळालं तेव्हा फिरतच नव्हतं. कारण एरंडेल. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉलबरोबर वंगण म्हणून एरंडेल तेल असतं. गरम धातूवर ते वर्षानुवर्षं राहिलं की लाखेसारखं घट्ट होतं. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ घालून मंद आचेवर, दार उघडं ठेवून, तासन्‌तास. अँटिफ्रीझ विषारी असतं, म्हणून भांडं वेगळं.

(दृश्य: चिमट्याने बाहेर काढलेलं इंजिन. प्रॉपेलरची पहिली फिरकी.)

सुटलं.

(दृश्य: ओलं रेशीम पंखावर. ब्रश.)

टॉप फ्लाइटनेच पुढे मोनोकोट नावाची फिल्म बाजारात आणली. इस्त्री फिरवली की रंगासकट चिकटणारी. तिने रेशीम आणि डोप, म्हणजे कापड आवळणारं वार्निश, जवळजवळ संपवलं. काकांनी रेशीमच घेतलं. घरी येणारं प्रत्येक मराठी माणूस विचारतं, पैठणीचा तुकडा आहे का? नाही. पैठणी चढवली तर टॉरस धावपट्टी सोडणार नाही. हे रेशीम इतकं हलकं आहे की ओलं असताना खालच्या रिबा मोजता येतात. ओलं करून ताणायचं, सुरकुत्या बोटांनी कडेला न्यायच्या, मग डोपचा पातळ हात. वाळला की दुसरा. मधे पॉलिशपेपर. मग तिसरा. प्रत्येक हाताला कापड आणखी आवळतं. पंखाच्या एकाच बाजूला जास्त डोप बसला तर आत्तापर्यंतची सगळी सरळ रेषा वाया, म्हणून खाली-वर आळीपाळीने.

शेवटी रंग. लाल, पांढरा. डोपचा वास जिन्यावरून वर जातो. काकूंनी यावर जे मत दिलं ते रेकॉर्ड करू दिलं नाही.

(दृश्य: मे महिना. क्लबचं मैदान. गवत.)

टॉप फ्लाइट पुढे हॉबिको समूहात गेली, हॉबिको २०१८ साली दिवाळखोरीत निघाली, तिचे ब्रँड दुसऱ्या कंपन्यांनी घेतले. इंजिनांच्या आवाजापायी कित्येक क्लबांची मैदानं गेली. अमेरिकेत आता अशा विमानाची सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि आपली ओळख प्रसारित करणारं यंत्र नसेल तर मान्यताप्राप्त मैदानावरच उडवावं लागतं. हे मैदान तसं आहे.

(दृश्य: इंजिन सुरू. इंधन कमी-जास्त करणारी नीडल फिरते. धूर.)

गुरुत्वमध्याची खूण आराखड्यावर आहे. काकांनी विमान त्या जागी दोन बोटांवर तोललं, नाकात थोडं शिसं घातलं, पुन्हा तोललं.

(दृश्य: धाव. चाकं सुटतात. पूर्ण फेरी. निवेदन नको.)

(दृश्य: मैदानावरून सरळ जाणारा टॉरस. काकांचे अंगठे.)

अंगठ्यांकडे बघा. स्टिकवर आहेत, पण हलत नाहीत. विमान या टोकाकडून त्या टोकाला स्वतःच चाललं आहे.

(दृश्य: लूप. रोल. उलटं उड्डाण.)

दुसऱ्या लूपमध्ये उजवा पंख किंचित खाली राहिला. पडद्यावर ते दिसणार नाही. काकांना दिसलं. उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हेच. प्रॉपचा शाफ्ट आणि शेपूट धरून विमान उचललं. उजवा पंख खाली गेला. दोष पिळाचा नव्हे, वजनाचा. उजव्या टोकाला डोपचा एखादा हात जास्त बसला असणार.

डाव्या टोकात एक खिळा टोचला, वर टेप लावली, टाकी भरली आणि विमान पुन्हा धावपट्टीवर नेलं.