अळंबीसारख्या प्रवाळाचे नाव

[दृश्य : पाण्याखाली. प्रवाहात हलकेच डोलणाऱ्या वसाहती.]

खडकाला चिकटून डोलणाऱ्या या फिकट तपकिरी छत्र्या पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या दिसत असल्या, तरी त्यांतली प्रत्येक छत्री म्हणजे शेकडो लहान प्राण्यांची एकत्र नांदणारी वसाहत आहे. हे सार्कोफायटन नावाचे मृदू प्रवाळ तांबड्या समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत पसरलेले असून आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळखडकांवरही ते आढळते. कॅमेरा जवळ नेला की उमललेला एकेक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक लहान प्राणी, वेगळा दिसू लागतो. त्याच्या तोंडाभोवती बरोबर आठ शुंडके आहेत आणि प्रत्येक शुंडकाला पिसासारख्या बारीक शाखा आहेत.

पॉलिपांच्या मधल्या जागेत जे ठिपके दिसतात, तेही पॉलिपच आहेत. मात्र त्यांचे काम वसाहतीत पाणी खेळते ठेवण्याचे आहे. असे दोन प्रकारचे पॉलिप सार्कोफायटनमध्ये असतात, तसेच त्याच्या जवळच्या लोबोफायटनमध्येही असतात. फरक एवढाच की लोबोफायटनच्या माथ्यावर बोटांसारखे उंचवटे किंवा कंगोरे असतात, तर सार्कोफायटनच्या छत्रीच्या कडेला घड्या पडलेल्या असतात. पाण्याखाली पोहणाऱ्याच्या डोळ्याला ओळख पटते ती इथपर्यंतच. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळली, पण त्यातली जाती कोणती, हे वसाहतीच्या बाह्यरूपावरून खात्रीने सांगता येत नाही.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या पट्टीवर ऊतीचा तुकडा, त्यावर ब्लीचचा थेंब.]

जातीची खूण प्रवाळाच्या मांसात दडलेली असते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला जातो, कारण फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल बनून नेमकी हीच खूण विरघळवून टाकू शकते. त्यानंतर पॉलिप, छत्रीचा पृष्ठभाग, छत्रीचा गाभा, देठाचा पृष्ठभाग आणि देठाचा गाभा अशा पाच ठिकाणांहून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे कापले जातात आणि एकाचा तुकडा दुसऱ्यात मिसळू नये म्हणून ते वेगवेगळे ठेवले जातात. कपडे पांढरे करण्यासाठी वापरतात तेच ब्लीच त्यांवर टाकले की बुडबुडे येऊ लागतात, मांस विरघळते आणि तळाशी पांढऱ्या भुकटीचा थर बसतो. ही भुकटी पुनःपुन्हा शुद्ध पाण्याने धुवावी लागते, आणि या कामात घाई केलेली चालत नाही.

[दृश्य : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे.]

भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक स्क्लेराइट, प्रवाळाच्या मांसातला कॅल्शियम कार्बोनेटचा सूक्ष्म कण. पृष्ठभागावरची स्क्लेराइटे गदेच्या आकाराची आहेत आणि गदेच्या माथ्यावर गाठी आहेत. गाभ्यातली चरख्याच्या चातीप्रमाणे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली असून त्यांच्या अंगावर चामखिळींसारखे उंचवटे आहेत. गदेचा माथा किती रुंद आहे, चातीची लांबी किती आहे, उंचवटे पट्ट्यांत मांडलेले आहेत की विखुरलेले, हे मोजून आणि रेखाटून जुन्या वर्णनांशी ताडले जाते. असे ताडण्याची सवय असलेला डोळा घडायला वर्षे लागतात.

ही जुनी वर्णने खरोखरच जुनी आहेत. १८२६ ते १८२९ या काळात ‘अ‍ॅस्ट्रोलाब’ या फ्रेंच जहाजावरून प्रवास केलेल्या क्वा आणि गेमार या निसर्गअभ्यासकांनी १८३३ मध्ये एका मृदू प्रवाळाला ‘अल्सिओनियम ग्लॉकम’ असे नाव दिले. पुढे ते सार्कोफायटन प्रजातीत गेले. म्हणूनच आज ‘सार्कोफायटन ग्लॉकम’ लिहिताना मूळ लेखकांची नावे कंसात लिहिली जातात. १९८२ मध्ये डच अभ्यासक याकोब फेरसेव्हेल्ट यांनी या संपूर्ण प्रजातीची फेरतपासणी प्रसिद्ध केली. बरणीत जपून ठेवलेल्या नमुन्यांवाचून असे काम करताच आले नसते.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर जनुकीय वंशवृक्ष.]

मृदू प्रवाळांच्या मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील, जनुके फार संथ गतीने बदलतात आणि त्यामुळे इतर प्राण्यांना लागू पडणारी जनुकीय ओळखपट्टी येथे अपुरी ठरते. मात्र ‘मट-एस’ हे जनुक याच गटाच्या मायटोकाँड्रियात सापडते आणि ते अधिक उपयोगी पडते. संशोधक कॅथरिन मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याचा आधार घेतला, तेव्हा ग्लॉकम म्हणून ओळखलेले नमुने सहा वेगवेगळ्या जनुकीय शाखांत विभागलेले आढळले. १९७४ मध्ये तांबड्या समुद्रातील ग्लॉकमपासून सार्कोफाइन हे रसायन वेगळे करण्यात आले आणि त्यानंतर याच नावाखाली इतर अनेक रसायनांची नोंद झाली; ती नेमकी कोणत्या शाखेतली, हे आता नव्याने पाहावे लागते.

२०२२ च्या फेरमांडणीत तर ‘अल्सिओनेशिया’ हा जुना गणच रद्द झाला आणि सार्कोफायटनला सार्कोफायटिडी या वेगळ्या कुळात स्थान मिळाले. या मांडणीचा कणा जनुकीय माहितीचा असला, तरी कुळांची वर्णने लिहिताना स्क्लेराइटांकडे वळावेच लागले.

[दृश्य : बरणी, चिठ्ठी, पेन्सिल.]

चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली जाते, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तिच्यावर ठिकाण, खोली आणि तारीख लिहिली जाते आणि जातीच्या नावाआधी ‘cf.’ ही दोन लॅटिन अक्षरे येतात, ज्यांचा अर्थ ‘ताडून पाहावे’ असा आहे. मग चिठ्ठी बरणीच्या आत, नमुन्याशेजारीच सोडली जाते आणि झाकण घट्ट लावले जाते.